वर गवत नाही

— पाऊस कुठला रे, गारा त्या. सकाळी आभाळ कसं होतं, तूही पाहिलंस ना, घासून ठेवलेल्या ताटासारखं — एक डाग नाही, वारा नाही, धूर कसा सरळ वर जात होता. तेव्हाच मी म्हटलं, आज काही खरं नाही. एवढं साफ आभाळ मला आवडत नाही. मग दुपारी त्या खिंडीच्या मागून एक ढग निघाला, हा एवढासा, कोकराएवढा, आणि बघता बघता डोंगराची सगळी धार गिळून बसला. मग गारा. आता गारा थांबल्यात, पण तो काही उठत नाही वरून. अंड्यावरच्या कोंबडीसारखा बसलाय. — बूट तिथंच राहू दे, दारात. अरे, तिथं कुठं बसतोस, इकडे वर ये, दारासमोरच्या अंगाला, पाहुण्याची जागा ती. भिजलास म्हणून काय पाहुणा नाहीस? मोजे काढ. काढ रे, लाजतोस काय. बघ, फोड आलेत. येणारच.

चहा घे. साय घाल. आणि हे वाळवलेल्या दह्याचं कुरुत गालात धर, एकदम चावू नकोस, बिश्केकच्या दुकानात मिळतं तसलं मऊ नाही हे, दात जाईल. — तर अर्ध्यातून परत फिरलास. बरं केलंस. नाही, हसत नाही मी, माझ्या तोंडाची ठेवणच तशी आहे, आई म्हणायची. पण एक विचारतो, पोरा, तू शिकलेला दिसतोस म्हणून विचारतो. बिश्केकहून गाडी केलीस, रात्रभर बसून आलास, खाली गावात उतरलास, तिथून इथवर पाठीवर हे सगळं बिऱ्हाड घेऊन चालत आलास, आणि इथून पुढं त्या धारेवर चढायचं, दगडाला हातापायांनी धरून, छाती फुटेस्तोवर — कशाला? पाणी बघायला. पाणी इथं नाही काय? हा ओढा वाहतोय, ऐकू येतोय ना? तेच पाणी आहे हे. तेच वरून खाली येतं. जरा दम धरला असतास तर आपणहून आलं असतं तुझ्या पायाशी.

येतात, उन्हाळाभर येतात. लाल कोट, पिवळे कोट, एकामागे एक, बोलत नाहीत, बघत नाहीत, नुसते धापा टाकतात. आधी मेंढ्या बिचकायच्या, आता मान वर करत नाहीत. कुत्रा भुंकायचा, तोही कंटाळला. दारात येऊन विचारतात, आक्साकाल, बाबा, तळं किती लांब आहे? मी म्हणतो, जवळच आहे. सगळ्यांना तेच सांगतो. लांब सांगितलं तर काय परत जाणारेत? मागं एक जाडा गृहस्थ आला होता, नाकाला दही फासल्यासारखं काहीतरी लावलेलं, तो म्हणाला, तळं सुंदर आहे का हो? मी म्हटलं, गवत नाही तिथं. तो म्हणाला, ते नाही, सुंदर आहे का? मी म्हटलं, सांगितलं ना, गवत नाही. त्याला वाटलं मला ऐकू येत नाही. अरे, जिथं जनावराला तोंड लावायला काडी नाही, तिथं माणसानं जाऊन काय करायचं? दगड, बर्फ, आणि मधे साचलेलं पाणी. मासासुद्धा नाही म्हणतात.

— म्हणतात म्हणजे लोक म्हणतात. — मी? मी कशाला जाऊ? अरे, या कुरणात जन्म गेला माझा. तो मोठा दगड दिसतो ना, त्याच्या पलीकडे तंबू असायचा आमचा, तिथं जन्मलो. बाप इथंच मेंढ्या चारायचा, आजाही. त्यांच्यापैकी कुणी वर गेलं नाही. घोडा चढत नाही त्या धारेवर. घोडा थांबला की आम्हीही थांबतो. पुढं काय ठेवलंय ते ज्यानं ठेवलं त्यानं बघावं. तुम्हा लोकांना घोड्याची सवय नाही म्हणून थांबायचं कुठं ते कळत नाही, एवढंच. त्यात तुझा दोष नाही. आणखी घे चहा.

वाटेत कुणी भेटलं का रे?

नाही, आपलं सहज विचारलं. म्हणजे ती कोटवाली मंडळी नव्हेत, ती काय, रोजचीच. एखादी बाई वगैरे. डोक्याला पांढरा रुमाल, पायात रबरी बूट — थांब, घाई करू नकोस, नीट आठवून सांग. आधी रोटी खा. रोटी खाताना बोलू नये. — कोण म्हणजे? आमची म्हातारी. कोण असणार. सोनूनबूबू. गेलीय तिकडं. तळं बघायला. हो, तळं बघायला, मी काय वेगळं सांगतोय? हास की. मीही हसलो होतो.

खूळ कुठून आलं तेही सांगतो. मागच्या उन्हाळ्यात एक परदेशी बाई उतरली वरून. आमच्या म्हातारीपेक्षा म्हातारी, गुडघ्यांना पट्टे बांधलेले, केस पोरासारखे कापलेले. याच जागेवर बसली होती, तू बसलायस तिथं. तिची भाषा आम्हाला येईना, आमची तिला येईना, तरी दोघी दुपारभर बोलत बसल्या, काय बोलल्या खुदाला ठाऊक. मग तिनं फोन काढून तळं दाखवलं. मीही पाहिलं, नाही म्हणत नाही. निळं होतं. तसलं निळं मी कशातच पाहिलं नव्हतं — पण फोनचं काय, फोन काहीही दाखवेल. आमच्या म्हातारीनं मात्र हात घागऱ्याला पुसले, फोन दोन्ही हातांत धरला आणि बघत राहिली. किती वेळ. मला वाटलं चहा उकळून आटणार. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

आता ते पाहणं कसलं, ते तुला सांगायला हवं. ती नवी सून होऊन या कुरणात आली ना, तेव्हा पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं होतं, तिथं वर काय आहे? मी म्हटलं, काही नाही. गवत नाही वर. ती बरं म्हणाली. पुन्हा कधी विचारलं नाही. माझा शब्द धरून बसली. सगळा जन्म त्या धारेकडे पाठ करून घोड्या दोहत राहिली — आणि मग कोण कुठली म्हातारी येते आणि हातात फोन देते. मी काय खोटं बोललो होतो? गवत नाहीच वर. तू पाहिलंस का गवत? — बघ. नाहीच.

हिवाळाभर ती काही बोलली नाही. न बोलणं हे तिचं भांडण. दुसऱ्या बायका भांडी आपटतात, ही आणखी सावकाश ठेवते. यंदा कुरणावर आलो, तंबू लागला, घोड्या दुभत्या झाल्या, आणि एका सकाळी धार काढता काढता, माझ्याकडे न बघता म्हणते, मी वर जाऊन येणार आहे. मी म्हटलं, कशावर बसून? आणि हसलो. पोट धरून हसलो. ओसमोनलाही जाऊन सांगितलं, तोही हसला — ओसमोन म्हणजे आमचा शेजारी, तो खालचा तंबू त्याचा, धूर दिसतोय बघ. लहानपणापासून एकत्र आम्ही. तोंडाचा फाटका, पण शेजारी आहे.

मग मी घोडे पलीकडच्या खोऱ्यात भाच्याकडे सोडून दिले. — घोड्या राहू दिल्या, त्या दुधाच्या, त्यांच्यावर कोण बसणार. बसायचे घोडे सोडले. गवतासाठी. इथलं गवत कमी पडत होतं. — हो, दिसतंय तुला, गुडघ्याएवढं आहे. मग? गुडघ्याएवढं असलं तरी जनावराला बदल लागतो. लागतो रे. शहरातल्या माणसाला काय — बरं. बरं, नव्हता लागत. असं बघतोस काय? मी म्हटलं, घोडाच नसला तर जाईल कशी? आता तूच सांग. शेजाऱ्याकडे मीठ मागायला जायचं तरी आम्ही खोगीर घालतो. ओढ्यावर जायचं तरी घोड्यावर. पायी मेंढ्या चालतात, आणि तुम्ही. बाई उठून आपल्या दोन पायांनी निघेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कुणाच्याच आलं नसतं. ओसमोनला विचार. आणि वर गंमत बघ, त्या धारेवर घोडा तसाही चालत नाही. म्हणजे घोडा असता तरी तिला पायीच — जाऊ दे.

आज उजाडायच्या आत उठली. घोड्या दोहल्या, दूध गाळून ठेवलं, रोटीवर फडकं टाकलं, चहा बाजूला गरम ठेवला. माझ्यासाठी. मी झोपेचं सोंग घेऊन पडलो होतो. म्हटलं, जाईल ओढ्यापर्यंत आणि येईल. माणसाची जिरते ओढ्यापर्यंत. मग उठून दारात आलो तर ती त्या मोठ्या दगडाच्या पुढं गेलेली. पायी. हात मागं बांधून, सावकाश, जशी काही कुणाच्या लग्नाला निघालीय. मागं वळून पाहील म्हणून मी जरा आत सरकलो. वळली नाही.

ती बंडी दिसते का तुला, तिथं तंबूच्या जाळीला अडकवलेली? मेंढीच्या कातड्याची. तिचीच आहे. विसरून गेली. म्हणजे विसरली असेल, नाहीतर सकाळचं ते आभाळ पाहून ठेवून गेली. — मी नेऊन देणार होतो. निघालोही होतो. मागं मागं नव्हे, मागं कशाला जाऊ, पाणी आणायला चाललो होतो — बरं, बादली नव्हती हातात. बंडी होती. ओढ्याच्या काठाशी पोचलो. ती समोर दिसत होती रे, चढणीला लागलेली, हाक मारली असती तर ऐकलं असतं तिनं. ती काही पळत नव्हती. आणि नेमका ओसमोन आला, घोड्यावर. थांबला. वरून खाली माझ्या पायांकडे बघितलं त्यानं, मग म्हणतो, काय रे, घोडा मेला की काय तुझा?

एवढंच म्हणाला. मग म्हणाला, तुझी बायको त्या कोटवाल्यांत सामील झाली म्हणे. आमची सायरा बघ, पहाटेच बहिणीकडे गेली, लोकरीचे नमदे थापायला. कामाची बाई. आणि हसला, आणि तिथंच थांबला, मी पुढं जातो का ते बघत. आणि मी इकडं वळलो. बंडी काखेत घातली आणि घरी आलो.

तू म्हणशील, एवढ्याशा बोलण्यानं? तुला नाही कळायचं. तू चालत जन्मलास. इथं माणूस पायी दिसला तर त्याचं काहीतरी गेलं असंच धरतात. आणि बायकोच्या मागं, बायकोची बंडी घेऊन, पायी — संध्याकाळपर्यंत सगळ्या कुरणात झालं असतं. पुढच्या लग्नात मला पाहून पोरं हसली असती. ओसमोननं चाल लावून म्हटलं असतं ते. म्हणून परत आलो. आल्यावर खोगिराला तेल लावत बसलो. घोडा नाही आणि खोगिराला तेल. मग तो ढग निघाला.

गारा पडत होत्या तेव्हा मी दारात उभा होतो. बसवेना. एकेक गार तंबूवर आपटली की मी त्या बंडीकडं बघायचो. मग कुत्र्यानं कान टवकारले, मी म्हटलं आली, आणि आलास तू. तू आलास त्याचं वाईट वाटलं असं नाही. पाहुणा आला की बरं वाटतं. पण तुझा हा लाल कोट दुरून दिसला ना, तेव्हा जरा — जाऊ दे. इतका वेळ बोलतोय, मीच बोलतोय, तुला बोलूच देत नाही. तू मघाशी काहीतरी सांगत होतास. सांग आता.

दोघी? नाही रे. आमची एकटीच गेली. तू दुसऱ्या कुणाला पाहिलंस. — पांढरा रुमाल आणि हिरवा रुमाल. पांढरा तिचा, रबरी बूटही तिचेच. हिरवा कुणाचा? तिच्यासोबत जायला आणखी कोण एवढं खुळं निघालं या कुरणात? — बरं, असेल कुणी. कुठं होत्या? सुट्या दगडांच्या घसाऱ्याच्या वर. चढत होत्या की उतरत? उतरत. नक्की? चेहरे खाली होते का वर? — म्हणजे जाऊन आल्या. म्हणजे पाहिलं तिनं. गेली, आणि पाहून खाली निघाली. आपल्या पायांनी. हं.

बसल्या होत्या म्हणजे? दम खायला बसल्या होत्या की — पाय धरून? कोणी पाय धरला होता? पांढऱ्या रुमालानं. आणि हिरवी तिचा बूट काढत होती. तू विचारलंस का काही? खालून हाक मारलीस, आणि त्यांनी हात हलवला, जा जा असा. हो, तिचा हात तसाच हलतो. घरात आग लागली तरी ती तसाच हात हलवेल, जा जा, काही नाही. आणि तू आलास. बरोबर आहे, ढग येत होता, तुला काय माहीत. तुला मी काही म्हणत नाही. गारांच्या आधी की नंतर? — आधी.

त्या कुणाच्या काठ्या, दाराबाहेर टेकवलेल्या? तुझ्याच ना. दे मला. दोन्ही दे. कशा धरायच्या असतात, या दोरीतून हात घालायचा? वरून की खालून? बरं. आणि मला सांग, वाट कुठून लागते? हो, मीच विचारतोय, तुलाच विचारतोय. त्या मोठ्या दगडापर्यंत मला ठाऊक आहे, पुढचं मला ठाऊक नाही. दगडाच्या उजवीकडून की डावीकडून? डावीकडून. मग ओढा दोनदा लागतो. मग धार. धारेवर कड्याच्या बाजूला जायचं नाही, आतल्या अंगानं राहायचं. आणि घसारा? आडवं जायचं, सरळ चढायचं नाही. एक पाय नीट बसला की मग दुसरा. हे मी मेंढ्यांना सांगत आलोय जन्मभर. — अंधार पडेल, पडू दे. तू उठू नकोस, तुझे पाय बघ आधी, आणखी एकाला खांद्यावर घेऊन यायची ताकद नाही माझ्यात. तू आग बघ. गोवऱ्या त्या बाजूला आहेत, ओल्या घेऊ नकोस, धूर होईल. घोड्या ओरडल्या तर ओरडू दे, धार मी येऊन काढीन. नाही काढली तर आज नाही काढली. पाणी उकळतं ठेव. भरपूर ठेव. आणि झोपू नकोस, कळलं? झोप आली तर कुरुत चाव.

बंडी दे ती. नाही, अंगात घालतो, काखेत नाही धरत आता.

आणि हा बघ कोण येतोय. ओसमोन. यालाही आत्ताच यायचं होतं. याला वास येतो. हसू दे, म्हणावं काय म्हणायचं ते म्हण, आज मी थांबणार नाही, चाल लावून म्हण, सगळ्या खोऱ्यात म्हण — आता का हसत नाही हा? घोडा कुठंय याचा? अरे, हा तर पायी येतोय. पळतोय. टोपीसुद्धा नाही डोक्यावर. काय झालं रे? जोरात बोल, धापा नको टाकूस, ओढ्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही. काय म्हणतोस?

ऐकलंस, पोरा, हा काय म्हणतोय? म्हणतोय, “त्यातली एक काठी मला दे. सायरा बहिणीकडे गेलेलीच नाही.”